छत्रीला आकडा, माणसाला नाही

ज्ञानदाने जेवणाच्या टेबलावर ते चित्र पसरलं तेव्हा लक्ष्मण तांडेल सिंकपाशी बांगडे साफ करत होता. इथले बांगडे आकाराने दांडगे पण चवीला मिळमिळीत, हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं होतं. जपानमध्ये कावासाकीला मुलाकडे येऊन त्याला पाच आठवडे झाले होते. बावीस वर्षं फत्तेमारी या शिडाच्या मालवाहू गलबतावर काढलेला देवगडचा हा माणूस आता चौथ्या मजल्यावर राहून माशांची डोकी जाळायच्या कचऱ्यात आणि दुधाचा धुतलेला खोका वेगळ्या पिशवीत टाकायला शिकला होता. आडनाव मयेकर, पण गलबताचा म्होरक्या म्हणून गावात त्याला सगळे तांडेलच म्हणत, आणि सूनही कधी थट्टेत म्हणायची, "काय तांडेल, आज काय पकडलंत?"

ज्ञानदा पुण्याची. जपानी भाषा तिथेच शिकली आणि लग्नानंतर देवदत्तबरोबर इकडे आली. देवदत्त एका कंपनीच्या काँट्रॅक्टवर कॉम्प्युटरचं काम करी. ती दोन वर्षं घरात बसून कंटाळली होती. जूनमध्ये तिला जवळच्या एका छोट्या संग्रहालयात जपानीतून इंग्रजी करायचं काम मिळालं. साल त्र्याण्णव. पोर्तुगीजांनी जपानच्या किनाऱ्याला पहिल्यांदा पाय लावला त्याला साडेचारशे वर्षं झाली, म्हणून संग्रहालय प्रदर्शन भरवणार होतं. हे काम नीट पार पडलं तर एप्रिलपासून कायमची जागा देऊ, असं तिला सांगितलं होतं. त्या जागेची गोष्ट रोज एकदा तरी घरात निघे.

"बघा बाबा, तुमच्या कामाचं आहे," ती म्हणाली. "जहाज आहे."

तांडेलाने हात धुतले, पुसले आणि चष्मा लावला. सहा पानांच्या घडीच्या पडद्यावर रंगवलेल्या जुन्या चित्राचा तो मोठा फोटो होता. सोनेरी ढग, काळं जहाज, बंदरात उतरलेली फुग्याच्या विजारींची माणसं. तांडेलाने त्या माणसांकडे बघितलंच नाही. त्याची नजर डोलकाठीवर गेली आणि तिथेच राहिली. डोलकाठीवर, आडव्या वाशांवर, दोरांच्या शिड्यांवर काळीभोर माणसं होती. चार, पाच, सहा.

"ह्येका ठावक आसा," तो हळूच म्हणाला.

तांडेलाची बोली मुंबईच्या गोदीत घासून बरीच पुण्या-मुंबईसारखी झाली होती. पण मनाला काही लागलं की मालवणी वर येई.

"कोणाला काय ठाऊक आहे?"

"ह्या वरच्याला. बघ, वासा पोटाशी घेतलाय त्याने. छातीशी नाही, पोटाशी. म्हणजे दोन्ही हात सुटे. आणि हा खालचा, अंगठा आणि बोट यांच्यात दोर धरून उभा आहे. शीड आवरतायत. बंदरात शिरताना आधी शीड आवरायचं, नाहीतर जहाज धक्क्यावर जाऊन फुटेल. आमची शिडं तिरकी, ह्यांची चौकोनी, पण अंग टाकायची रीत तीच." त्याने बोट काचेवरून फिरवावं तसं कागदावरून फिरवलं. "काढणाऱ्याने स्वतः बघितलंय हे. बसून, पुन्हा पुन्हा बघितलंय. खाली काय लिहिलंय?"

ज्ञानदाने आकडे वाचले. फोटोवर बारीक रेघा ओढून आकडे टाकले होते. एक, कप्तान. दोन, पाद्री. तीन, व्यापारी. चार, अरबी घोडा. पाच, शिकारी कुत्रा. सहा, चिनी रेशमाचे गठ्ठे. सात, छत्री.

"छत्री?"

"हो. कप्तानाच्या मानासाठी धरलेली छत्री, चिनी बनावटीची."

"धरलेली म्हणतेस, तर धरलीय कोणी? का आपली आपण चालतेय कप्तानामागून?"

ज्ञानदा वाकली. सातव्या आकड्याची रेघ छत्रीच्या टोकाला जाऊन थांबली होती. खाली दांडा, दांड्यावर काळा हात, हाताखाली एक उंच काळा माणूस अनवाणी उभा. त्याला आकडा नव्हता.

"आणि ह्या वरच्यांचं?"

तिने खालची ओळ वाचली. वाचता वाचता तिचा आवाज उतरला. "काळे सेवक डोलकाठीवर कसरती करून लोकांचं मनोरंजन करताना."

तांडेलाने बोट आधी कुत्र्यावर, मग गठ्ठ्यांवर टेकवलं. मग म्हणाला, "कुत्र्याची जात लिहिली. कापडाचा देश लिहिला. आणि जहाज ज्याने आणलं त्याला सर्कशीत घातला!"

रविवार असल्याने देवदत्त घरीच होता. आवाज ऐकून तो आतून आला.

"बाबा, चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रावरून बीपी कशाला वाढवताय? गोळी घेतलीत का सकाळची?"

"गोळीचं राहू दे. हिला सांग, हे बदलायला."

"बदलता येणार नाही," ज्ञानदा म्हणाली. "शिक्के झालेत."

मग तिने समजावून सांगितलं. तिथे कुठलाही कागद एकट्याच्या सहीने पुढे जात नाही. कागदाला चौकटींची एक पट्टी जोडतात आणि तो टेबलाटेबलावरून फिरतो. ज्याने त्याने आपापल्या चौकटीत लाल शिक्का मारायचा. नऊ चौकटी भरल्या की विषय संपला. नंतर कोणी तोंड उघडत नाही. ह्या कागदावर नऊही शिक्के होते. तिसरा ज्ञानदाचा. जपानी अक्षरांतल्या तिच्या नावाचा हा गोल शिक्का तिने मोठ्या हौसेने करून घेतला होता. कागद गुरुवारी छापखान्यात जाणार होता.

"तू शिक्का मारलास तेव्हा हे चित्र बघितलं होतंस?"

तिने फोटोचा कोपरा सरळ केला.

"मी कागदच बघितला," ती म्हणाली. "जपानीत कसरत होतं, मी इंग्रजीत कसरत केलं. शब्द बरोबर होता, बाबा."

"शब्द बरोबर होता," तांडेल म्हणाला. "आणि माणूस?"

"बाबा, पुरे," देवदत्त म्हणाला. "तिच्या एप्रिलच्या जागेवर पाणी सोडायचंय का? इथे ठरलेल्या गोष्टीत कोणी फाटे फोडत नाही. आणि आपला काय संबंध? आपण ना पोर्तुगीज, ना जपानी, ना आफ्रिकन."

तांडेलाने सिंककडे जाऊन सुरी उचलली आणि एका बांगड्याचं पोट फाडलं. पाठमोराच बोलू लागला.

एकोणीस वर्षांचा असताना तो पहिल्यांदा मोंबासाला गेला होता, कौलं भरलेल्या फत्तेमारीवरून. त्याला डोलकाठीवर चढायला शिकवलं याकूबने. याकूब राजपुरीचा सिद्दी. चाळिशीतला, रंगाने ह्या चित्रातल्यासारखा, आणि बोलायला लागला की अस्सल कोकणी. पहिल्यांदा वर गेल्यावर लक्ष्मणाने वासा छातीशी कवटाळला, तेव्हा खालून याकूब ओरडला होता, "पोटावर घे रे, पोटावर! बायको समजून छातीशी काय धरतोस?" त्या फेरीत सोकोत्रा बेटाच्या पुढे वाऱ्याने शीड फाडलं. याकूब उसळत्या लाटांतच डोलकाठीवर गेला, दोर मोकळा करून आला, आणि अकरा माणसं जिवंत राहिली. त्यांतला एक आत्ता बांगडा साफ करत होता.

झांजिबारला उतरल्यावर याकूबने त्याला एक जागा दाखवली. इथे माणसं विकत, म्हणाला. लक्ष्मणाने विचारलं, तुझेही वाडवडील इथूनच आले का? याकूब म्हणाला, कुठून ते माहीत नाही. कोणी लिहून ठेवलं असेल तर किती दात होते एवढंच लिहिलं असेल. पण एक सांगतो लक्ष्मण, माझा पूर्वज ज्या जहाजातून विकायला आणला, ते जहाज त्याच्याकडूनच ओढून घेतलं असणार. वल्हं त्याने मारलं, पाणी त्याने उपसलं, शीड त्याने आवरलं. आणि बंदरात पोचल्यावर त्यालाच उतरवून विकला.

"आपला संबंध नाही म्हणतोस," तांडेल मुलाला म्हणाला. "मी पगारावर गेलो होतो. पटलं नाही तर पुढच्या बंदरात गाठोडं उचलून उतरायची मुभा होती मला. ह्या वरच्याला ती नव्हती. त्याचं दुःख माझं आहे असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल आहे. पण त्याचं काम माझं आहे. ते मला दिसतं. आणि दिसल्यावर गप्प बसलो तर मी काय बावीस वर्षं होडीत माश्या मारल्या?"

दुपारी बांगड्याचं तिखलं झालं, सगळे जेवले, तांडेल जेवला नाही. संध्याकाळी ज्ञानदा त्याच्यासमोर येऊन बसली.

"मंगळवारी चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मोरिता-सानना तुम्हीच सांगा. मी भाषांतर करीन. पण ओरडायचं नाही."

"ओरडत नाही."

"आणि मालवणी नाही. मला भाषांतर करता येणार नाही."

"बरां," तांडेल म्हणाला.

मंगळवारी दोघं गाडीने गेली. मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरिताबाई, प्रदर्शनाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, मृदू बोलणाऱ्या. सासरे गलबतावर होते हे कळल्यावर त्यांनी कौतुकाने दोनदा वाकून नमस्कार केला आणि स्वतः तळघरात नेऊन खरा पडदा दाखवला.

फोटोपेक्षा पडदा पुष्कळ मोठा. तांडेल हात मागे बांधून त्याच्यासमोर उभा राहिला. इथे त्या माणसांचे चेहरे दिसत होते. एकाने दातात दोरीचं टोक धरलं होतं. एकाच्या तळव्यांचा फिकट रंगही चित्रकाराने सोडला नव्हता.

"त्यांना सांग, हे कसरत करत नाहीत," तो म्हणाला.

ज्ञानदाने सांगितलं. मोरिता-सान हसून म्हणाल्या, त्या काळच्या लोकांना ती कसरतच वाटत असणार. इतक्या उंचावर माणसं त्यांनी कधी बघितली नव्हती.

"बघणाऱ्याला काय वाटलं ते वेगळं लिहा. करणारा काय करत होता ते आधी लिहा."

आणि मग त्याने गळ्यातला मफलर काढला. तिथे एक उंच पाठीची खुर्ची होती. तिच्या पाठीवर मफलर सोडला आणि सहासष्ट वर्षांचा तांडेल त्या पाठीवर पोट टेकून ओणवा झाला. पाय जमिनीवरून उचलले. दोन्ही हातांनी मफलर भराभरा वर ओढला, प्रत्येक घडी पोटाखाली दाबत गेला, आणि टोकाने गुंडाळी बांधून खाली उतरला. कोपऱ्यात पेट्या बांधणारे दोघे काम थांबवून बघू लागले होते. तांडेलाला धाप लागली होती. त्याने पडद्याकडे बोट केलं. वाशावरचा माणूस अगदी तसाच होता.

"नारुहोदो," मोरिता-सान म्हणाल्या. अस्सं होय. आणि त्या खरोखर पुन्हा चित्राकडे बघत राहिल्या.

"आणि हेही लिहा," तांडेल म्हणाला, "की ही माणसं विकत आणलेली होती. आफ्रिकेतून गोव्याला, गोव्याहून मकावला, तिथून इथे. ह्यांच्या हातांवाचून कप्तान घरच्या बंदरातून बाहेरही पडला नसता."

ज्ञानदा ह्याचं भाषांतर करताना एकदा अडखळली. मोरिता-सानांनी शांतपणे उत्तर दिलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या पुस्तकांत आहे.

"मग पाटीवर का नाही?"

सगळ्यांना माहीत असलेलं लिहायची गरज नसते, त्या म्हणाल्या.

"कप्तान जहाज घेऊन आला हे तर त्याहून जास्त जणांना माहीत आहे. ते एवढ्या मोठ्या अक्षरात का?"

मोरिता-सानांनी पडद्यावरच्या कप्तानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, हे प्रदर्शन भेटीचं आहे. दोन देशांच्या मैत्रीचं. पाहुणे येणार आहेत. गुलाम हा शब्द फार जड आहे.

"जड आहेच," तांडेल म्हणाला. "ज्यांनी वाहिला त्यांना विचारा."

ह्याचं ज्ञानदाने भाषांतर केलं की नाही, तांडेलाला कळलं नाही. मोरिता-सान पुन्हा वाकल्या आणि एक वाक्य म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"विचार करू, म्हणतात."

"म्हणजे हो?"

"म्हणजे नाही," ज्ञानदा म्हणाली.

ती तिथेच उभी राहिली. तिची नजर पडद्यावर होती, पहिल्यांदाच इतका वेळ. दातात दोरी धरलेला तो माणूस तिच्याहून लहान असेल, वीस-बावीसचा. मग ती वर गेली. तांडेल जिन्याने मागोमाग. तिच्या टेबलावर तो नऊ शिक्क्यांचा कागद छापखान्यासाठी तयार पडला होता.

तिथे कागदावरची चूक खोडायचीही रीत ठरलेली आहे. खाडाखोड करायची नाही. चुकीच्या शब्दांवर पट्टीने दोन सरळ रेघा मारायच्या, वर बरोबर शब्द लिहायचे, आणि त्या रेघांवर आपला शिक्का उठवायचा. म्हणजे चूक माझी होती आणि दुरुस्तीही माझी. ज्ञानदाने पट्टी घेतली. स्वतःच्या इंग्रजी ओळीवर दोन रेघा मारल्या. वर लिहिलं: आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले खलाशी, बंदरात शिरताना शीड आवरताना. ह्यांनीच ही जहाजं चालवली. सातव्या आकड्यापुढे छत्रीच्या आधी तिने लिहिलं, छत्री धरलेला गुलाम माणूस, नाव नोंदलेलं नाही. आणि दोन्ही ठिकाणी शिक्का दाबून धरला.

मोरिता-सान मागे येऊन उभ्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं, असं ज्ञानदाने नंतर घरी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सगळे शिक्के पुन्हा घ्यावे लागतील."

"हो. मी घेते."

"जपानी मजकूर माझा आहे. तो तसाच राहील."

"ते तुमच्या हातात आहे, मोरिता-सान," ज्ञानदा म्हणाली. "इंग्रजी माझ्या हातात होतं."

दीड दिवस ती तो कागद घेऊन टेबलाटेबलाशी गेली. वाकायची, त्रासाबद्दल माफी मागायची, फोटो पुढे करायची आणि सांगायची, आधी चित्र बघा. पाच जणांनी फोटोकडे न बघताच शिक्का मारला, जसा तिनेही एकदा मारला होता. दोघांनी बघितलं. हिशेब विभागातल्या एका म्हाताऱ्याने तर चष्मा वर करून फार वेळ बघितलं आणि मग शिक्का मारला. मोरिता-सानांनी सर्वांत शेवटी मारला. गुरुवारी कागद छापखान्यात गेला.

पुढच्या आठवड्यात तिला सांगण्यात आलं की एप्रिलच्या जागेचं अजून काही ठरलेलं नाही. ठरलं की कळवू. इतकी वर्षं ती भाषा शिकलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. देवदत्त त्या दिवशी बापाशी बोलला नाही. जेवताना तांडेल म्हणाला, "माझ्यामुळे गेली तुझी जागा."

"तुमच्यामुळे काय बाबा," ज्ञानदा म्हणाली. "शिक्का माझा होता. दोन्ही वेळा." आणि रडली. देवदत्तने उठून तिच्या पानात आमटी वाढली.

प्रदर्शन त्याच रविवारी उघडलं. तिघंही गेली. पडद्यासमोर काचेच्या खाली दोन पाट्या होत्या, शेजारी शेजारी. इंग्रजी पाटीवर खलाशी होते. जपानी पाटीवर अजून सर्कस होती. तांडेलाने ज्ञानदाकडून दोन्ही वाचून घेतल्या.

"इंग्रजी वाचणारे किती आले सकाळपासून?"

"तीन-चार."

"आणि जपानी?"

तिने रांगेकडे बघितलं. रांग दारापर्यंत होती. लोक येत, जपानी पाटी वाचत, वर बघत, डोलकाठीवरच्या माणसांकडे बोट करून हसत आणि पुढे सरकत. एक गृहस्थ आपल्या बायकोला हातवारे करून उड्या मारणारं माकड करून दाखवत होता. तांडेलाच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"शीड आवरतायत, हे जपानीत कसं म्हणायचं?"

"कशाला बाबा?"

"सांग."

"हो ओ तातामु. हो म्हणजे शीड."

तांडेलाने ते चार-पाच वेळा पुटपुटलं. मग तो पडद्याच्या कडेला, पाट्यांशेजारी जाऊन उभा राहिला. तो गृहस्थ जवळ आला तसं त्याने वर बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हो ओ तातामु!"

गृहस्थ दचकला. त्याने घाईघाईने मान लववली आणि बायकोला घेऊन पुढे गेला. मागच्या दोघी मुली तोंडावर हात धरून हसल्या. तांडेलाने त्यांनाही सांगितलं. मग पोटाशी हात नेऊन, मफलर आवरल्यासारखी घडीवर घडी करून दाखवली. एकीचं हसू थांबलं. तिने पुन्हा वर बघितलं.

देवदत्तने मान खाली घातली. "ज्ञानदा, बाबांना आवर."

"तूच आवर," ती म्हणाली.

निळ्या गणवेशातला पहारेकरी लगबगीने आला. वाकला, हसला, तांडेलाशी काही तरी बोलला, पुन्हा वाकला.

"काय म्हणतो?"

"इथे मोठ्याने बोलायचं नाही, म्हणतात."

तांडेलाने पहारेकऱ्याकडे पाहून मान डोलावली.

"बरां. हळू सांगतो," तो म्हणाला, आणि रांगेतल्या पुढच्या म्हातारीच्या कानाशी वाकला.